कार्ड कुणी धरलंय?

“मग तिचंच यंत्र कसं रेकॉर्ड करतं, बुवा? माझंच का नाही?”

बुवा अजून उंबऱ्यातच होते. काखेत टेप, कपाळावर घाम. पण पुष्करला त्यांना आधी बसा म्हणायचंही भान नव्हतं.

कृष्णाकाठच्या त्या मठात जुन्या कीर्तनांच्या टेपा संगणकावर उतरवायचं काम चाले. नरहरबुवांनी तरुणपणी रेडिओ दुरुस्त केले होते. म्हातारपणी हट्टाने लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले आणि मठातल्या दोन्ही यंत्रांवर तीच चढवली. एका यंत्रावर पुष्कर बसे, भिंतीपलीकडच्या खोलीत दुसऱ्यावर द्वारका. दोघंही शिकलेली, दोघंही हुशार. फरक एवढाच की पुष्कर तिच्या आधी आला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

बुवांच्या काखेतली टेप त्यांच्या गुरूंच्या अखेरच्या कीर्तनाची होती. इतकी झिजलेली, की एकदाच वाजली असती आणि मग तुटली असती. ती आपल्या हातून उतरावी म्हणून पुष्करने कितीतरी दिवस देव पाण्यात घातले होते. आणि नेमकं या आठवड्यात त्याचं साउंड कार्ड रुसून बसलं होतं.

“काय काय करून पाहिलंस?” बुवा आत येत म्हणाले.

“ड्रायव्हर बदलला. केबल बदलली. आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर नेल्या, कुठे काही म्यूट नाही. शेवटी सगळी सिस्टिम पुसून नवी टाकली. फक्त माझा होम फोल्डर तेवढा होता तसा ठेवला.”

“म्हणजे घर जुनंच.”

“त्यात माझी सेटिंग्ज आहेत, बुवा!”

“असू दे... यंत्र काय म्हणतं?”

“कार्ड बिझी आहे म्हणतं. कशात बिझी? मी काहीच चालू केलेलं नाही! कार्डच खराब असणार. तुम्ही तिला चांगलं दिलंत.”

“दोन्ही एकाच दुकानातली, एकाच दिवशी घेतलेली.”

“मग नशीब चांगलं तिचं.”

द्वारकेच्या खोलीचं दार आज उघडं होतं. ती आपलं यंत्र तपासत असावी. कुठल्याशा कीर्तनातला झांजांचा तुकडा खणखणीत वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग ती स्वतःशीच हसली. पुष्करच्या अंगाचा तिळपापड झाला. हसायला काय झालं हिला? आणि झांजा इतक्या स्वच्छ येतात म्हणजे हिला बुवांनी काहीतरी जास्तीचं शिकवलं असणारच...

बुवांनी टेप त्याच्या टेबलावर ठेवली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

पुष्करचा कान शेजारच्या खोलीत होता.

“अं? काय म्हणालात?”

बुवांनी खांद्यावरचा हात काढून घेतला.

“सरक जरा.”

पुष्कर उठला. बुवा खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि सावकाश एकच ओळ टाइप केली. कार्ड कुणी धरून ठेवलंय, असं यंत्राला विचारायची ती साधी आज्ञा. पुष्करला ती तोंडपाठ होती. पण दोष कार्डाचा, नाहीतर द्वारकेच्या नशिबाचा, हे त्याने आधीच ठरवून टाकल्यावर ती सुचणार कशी?

पडद्यावर उत्तर आलं. मालक: पुष्कर. प्रोग्राम: कान.

पुष्करच्या तोंडचं पाणी पळालं.

बुवा या आठवड्यात द्वारकेच्या खोलीत जास्त वेळ बसू लागले, तेव्हाची ही करामत. पुष्करने कपाटामागे भिंतीला एक माईक चिकटवला होता. तिला वेगळं काय शिकवतात ते टिपून ठेवायला छोटा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव ‘कान’ ठेवलं आणि यंत्र सुरू झालं की तोही आपोआप सुरू होईल अशी सोय केली. जुन्या घराबरोबर तो नव्या सिस्टिमवर परत आला. माईकचं भोक वेगळं आणि टेपचं वेगळं, म्हणून त्याचा इथे काही संबंध असेल असं पुष्करच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण भोकं दोन असली तरी आवाज आत घेणारं कार्ड एकच होतं, आणि ते कानाने सकाळपासून घट्ट धरलं होतं.

“हा कान काय काय ऐकतो?” बुवांनी विचारलं.

पुष्करने घाईने माऊस आपल्याकडे ओढला.

“लाव बघू.”

“बुवा, नको.”

“लाव.”

पुष्करने कालचं रेकॉर्डिंग लावलं. मठाची भिंत दगडी, हातभर जाड. तीतून बुवांचा एक शब्द आला नव्हता, ना द्वारकेचा. खुर्ची करकरली. कळफलक वाजला. मग अगदी जवळून, कुणीतरी दात आवळून पुटपुटलं, “तिलाच का?”

पुन्हा खुर्ची. पुन्हा कळफलक.

“दर वेळी तिलाच का...”

“पुष्करदादा!” पलीकडून द्वारकेची हाक आली. “कुणाची टेप लावलीस रे? आवाज काय स्वच्छ आलाय!”

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं पुष्करला झालं. त्याने झटक्याने पुढे होऊन ते बंद केलं आणि कानही बंद केला. मग काहीतरी करायचं म्हणून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. कार्ड मुकाट्याने उघडलं. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी नाचू लागली.

“चाललं! बुवा, चाललं बघा!”

तो हसत मागे वळला. बुवा उठले होते. टेबल रिकामं होतं. टेप पुन्हा त्यांच्या काखेत होती आणि पावलं द्वारकेच्या खोलीकडे वळली होती.

टेप इतका वेळ आपल्या टेबलावर होती, आणि बुवांनीच आपल्या हाताने तिथे ठेवली होती, हे पुष्करला आत्ता कळलं.

“बुवा... मघाशी, खांद्यावर हात ठेवून... तुम्ही मला काय म्हणालात?”

बुवा उंबऱ्यात थांबले.

“तेही एकदाच वाजणारं होतं.”