गुणाजीनं काढलेली तान्हूमावशी

त्या दिवशी ऊन असं पडलं होतं, की गावातले कावळे उडायचं सोडून सावलीसावलीनं चालत होते. वारा नाही, ढग नाही. अशा उन्हात एका गावात एक भोळा रंगारी लिंबाखाली बसून बैलाच्या शिंगांना रंग देत होता. नाव गुणाजी. हात सोन्याचा. सांगाल ते काढायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेवढंच काढायचा.

त्याच गावात नारबातात्या गुरव 'झांज' नावाचं भजनाचं मासिक काढायचे. जत्रेला त्याचा खास अंक निघायचा, चांगला वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. यंदा तात्यांनी ठरवलं, मुखपृष्ठावर तान्हूमावशी.

तान्हूमावशी गुणाजीची शेजारीण. चाळीस वर्षं भजनात मागच्या रांगेत बसून गायलेली. तिची थोरली बहीण, निपाणीची अक्का, दर जत्रेला यायची आणि चारचौघांत म्हणायची, "तान्हे, तुझं तोंड बघायला कोण येतंय गं?" म्हणून मावशीचा सगळा जीव त्या चित्रात. एकदा अक्कानं धाकटीचं तोंड छापलेलं बघावं, बस.

तात्या लिंबाखाली आले. म्हणाले, "गुणाजी, मुखपृष्ठ लांबून ओळखू आलं पाहिजे. माणूस टेकडी उतरतोय, तिथूनच त्याला मावशी दिसली पाहिजे."

"एवढंच ना, तात्या?"

गुणाजी रंगाचे डबे घेऊन टेकडीवर जाऊन बसला. खाली अंगणात मावशी शेवया वाळत घालत होती. त्यानं नीट बघितलं आणि काढलं. संध्याकाळी कागद तात्यांपुढे ठेवला. पांढराशुभ्र कागद, आणि मधोमध तिळाएवढा हिरवा ठिपका.

"हे काय?"

"मावशी."

"मला नाही दिसत."

"टेकडीवरून मलाही एवढीच दिसली, तात्या."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, जे महत्त्वाचं ते मोठं काढायचं असतं. पान भरून!"

"एवढंच ना? आधी नाही का सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी गुणाजी मावशीकडे गेला. "मावशी, गाण्यात महत्त्वाचं काय?"

मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आतलं सगळं. पार पडजिभेपर्यंत."

"मग आ करा."

मावशीनं आ केला. गुणाजीनं पान भरलं. तात्यांनी मावशीच्या दारातच कागद उलटा धरला, सुलटा धरला. "डाळिंब का काढलंस रे?"

"डाळिंब नाही. मावशीची पडजीभ."

मावशीनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! हे अक्काला दाखवायचं होय?"

तात्या खाली बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, "गुणाजी, हात लावायच्या आधी विचार कर. हा अंक बघणार कोण? त्याला आवडतं काय? तेही चित्रात आलं पाहिजे."

"एवढंच ना? आधी नाही का सांगायचं!"

मग गुणाजी दारोदार फिरला. पखवाजवाला मारुती अंक वाचायचा. त्याला आवडायची कांदाभजी. पोस्टमनही वाचायचा. त्याला आवडायची कुत्री नसलेली गल्ली. मागच्या महिन्याचा अंक सुताराच्या शेळीनं खाल्ला होता, म्हणून गुणाजीनं शेळीलाही विचारलं. ती बोलली काही नाही, पण बाभळीकडे बघत होती.

चित्रात भज्यांची परात आली. गल्ली आली. बाभूळ आली.

"आणि मावशी कुठाय?"

"भज्यांच्या मागं. तो बघा अंबाडा."

आता जत्रा आठवड्यावर आली होती. तात्यांचा आवाज बसला. त्यांनी मावशीला नवं हिरवं लुगडं नेसायला लावून समोर बसवलं आणि गुणाजीच्या कानाशी सावकाश सांगितलं, "वर मावशीचा चेहरा, जेवढा आहे तेवढा. खाली गळा, लुगडं, हातात टाळ. बस. भजी नाहीत, बाभूळ नाही."

"एवढंच ना?"

आणि काय सांगावं, काढली की त्यानं! डोळ्यांत पाणी, ओठांवर गाणं, कपाळावर कुंकू. मावशी कागदाकडे बघतच राहिली. "मी अशी दिसते?" म्हणाली, आणि उगाचच लाजली.

तालुक्याहून दोनशे अंक छापून आले. जत्रेच्या आदल्या सकाळी गठ्ठे गुणाजीच्या ओसरीवर उतरवले. तात्या आनंदानं त्याची पाठ थोपटून म्हणाले, "जिंकलास, गड्या! आता फक्त बघणाऱ्याला यात आपला चेहरा दिसला, की अंक त्याचा झाला." एवढं बोलून तात्या मांडवाच्या कामाला गेले.

गुणाजीनं अंक हातात घेतला. मावशी दिसली. दुसरा घेतला. मावशीच. दोनशे अंक बघितले. सगळीकडे मावशीचाच चेहरा!

"बरं झालं, वेळेवर सांगितलं," असं म्हणून तो शिंप्याकडून कात्री घेऊन आला.

दिवसभर बसून त्यानं दोनशे चेहरे गोल कापले. नुसत्या मुखपृष्ठातून डोकं बाहेर येईना, म्हणून आतली पानंही कापली. अभंग मधोमध गेले. तात्यांचं संपादकीय वरच्या दोन आणि खालच्या दोन ओळींएवढं उरलं. कापलेले चेहरे त्यानं नीट गोळा केले आणि पाण्याच्या बंबात घातले.

जत्रेत झुंबड उडाली. ज्यानं त्यानं अंक घेतला आणि भोकात तोंड घातलं. मारुती पखवाजवाला मिशांसकट मावशीच्या लुगड्यात. पोस्टमन लुगड्यात. पाटील लुगड्यात. शेळीनंही तोंड घातलं, आणि निघेना म्हणून तशीच गावभर हिंडली. तासाभरात अंक संपत आले. लोक तात्यांना म्हणाले, "यंदाचं संपादकीय झकास!"

तेवढ्यात निपाणीची अक्का आली. शेवटचा अंक तिनंच उचलला. भोकात तोंड घातलं, मिशा न्याहाळणाऱ्या मारुतीकडून आरसा मागून घेतला आणि जत्रा थांबेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "तान्हे, ये लवकर! बघ, मी छापून आले!"

मावशीनं अक्काकडे बघितलं. पाटलाकडे बघितलं. शेळीकडे बघितलं. मग हसू दाबत गुणाजीकडे वळली आणि म्हणाली, "गुणाजी, तोंड गेलं ते गेलं. पण माझं एकुलतं एक नवं लुगडं, तेही अख्खा गाव नेसून बसलाय. आता मी घरी काय नेसून जाऊ रे?"