न म्हटलेला नकार

"मग ती 'नको' का म्हणाली नाही?"

हिराओकांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. समोर म्योशुन बसल्या होत्या. जपानमधल्या शिकोकू बेटावर, एका टेकडीवरच्या लहानशा मठात त्या एकट्याच राहत. वय ऐंशी. येणारेजाणारे त्यांना रोशी म्हणत, म्हणजे थोरल्या गुरू.

हिराओका अकरा वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे ध्यानाला येत होते. खाली गावात कागदाची गिरणी होती, तिथे ते कायद्याचं खातं सांभाळत. कलमं त्यांना तोंडपाठ होती, आणि ते ती म्हणूनही दाखवत.

"कोण ती?" रोशींनी विचारलं.

"चिगुसा. आमच्या ऑफिसात चार महिन्यांपूर्वी लागली. तिची तक्रार आहे की विभागप्रमुख कुरामोचींनी फायलींच्या खोलीत तिच्या कमरेवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. एकदा नव्हे, पाच वेळा."

"आणि कुरामोची?"

"ते म्हणतात, तिची हरकत नव्हती. ती गप्प उभी राहिली, हे तर तीही कबूल करते. चौकशी समितीचा अध्यक्ष मी आहे, रोशी. उद्या अहवाल द्यायचाय. मी तिला सरळ विचारलं, ओरडली का नाहीस? हात का झटकला नाहीस? तर खाली मान."

"कायदा काय सांगतो?"

हिराओका ताठ बसले. "कायदा आता बदललाय. ती झगडली का, एवढंच बघून भागत नाही. नकार देणं तिला शक्य होतं का, तेही बघावं लागतं."

"मग तुम्ही कोणता कायदा वाचताय?"

हिराओकांना राग आला. "कायदा मला ठाऊक आहे! पण तोंडातून एक शब्द काढायला काय लागतं?"



रोशी उठल्या आणि हिराओकांच्या अगदी जवळ येऊन बसल्या. गुडघ्याला गुडघा लागला.

त्यांनी हात पुढे केला. टायची गाठ सैल केली. टाय गळ्यातून ओढून काढला आणि घडी घालून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

हिराओका बघत राहिले.

मग रोशींनी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. एक पाकीट निघालं. दवाखान्याचं होतं. त्यांनी ते उघडलं, आतला कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत.

"साखर वाढलीय तुमची. घरी सांगितलं नाहीत?"

हिराओकांचे कान लाल झाले होते. हात मांडीवर जिथे होते तिथेच होते…

"'नको' का म्हणाला नाहीत?"

"तुम्ही… रोशी आहात."

"मी म्हातारी बाई आहे. एका हाताने बाजूला सारता आलं असतं."

"मला कळेचना काय चाललंय. वाटलं, आता थांबाल… मग वाटलं, आता बोललो तर…"

"तर?"

हिराओकांनी मान खाली घातली.

रोशींनी टाय आणि पाकीट परत दिलं. "त्या मुलीची नोकरी पक्की कोण करतं?"

"कुरामोचींच्या सहीने होते."

त्या दिवशी हिराओका ध्यानाला थांबले नाहीत. टाय हातात धरूनच टेकडी उतरले.

सोमवारी समितीच्या दुसऱ्या दोघांनी अहवाल टाइप करून आणला होता. 'आक्षेप घेतल्याचे दिसून येत नाही', असं त्यात होतं. हिराओकांनी सही केली नाही. चिगुसाला पुन्हा बोलावलं. तिच्यासोबत तिला हवी ती मैत्रीण बसू दिली.

या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या खोलीत तुम्ही कुठे उभ्या होतात?"

चिगुसाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"कपाटाजवळ," ती म्हणाली. "दाराकडे ते असायचे."

मग ती चाळीस मिनिटं बोलली. मधे दोनदा थांबली. कोणी तिला घाई केली नाही.

नवा अहवाल गेला. कुरामोचींचं पद गेलं आणि त्यांना दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं. चिगुसाची नोकरी पक्की झाली, वेगळ्या सहीने. पोलिसांकडे जायचं असेल तर कंपनी सगळे कागद देईल, असंही तिला लेखी कळवलं. दहा दिवस तिने विचार केला. अकराव्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत गेली.

महिनाभरानंतर एका रविवारी हिराओकांनी हे सगळं रोशींना सांगितलं. सांगताना चेहरा हलका झाला होता. आवाजात पुन्हा थोडी ऐट आली होती.

"आता एकच राहिलंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी तिला फार दुखावलं. ते मला टोचतंय. उद्या संध्याकाळी तिच्या घरी जाणार आहे. तिच्या आईवडिलांसमोर जमिनीला डोकं टेकून माफी मागणार. मी ठरवलंय."

रोशींनी चहाचा पेला खाली ठेवला.

"तिला विचारलंत?"