करंजपेठेचा डावरा ठोका

करंजपेठेला जाताना वेस नंतर दिसते, आधी ठोका ऐकू येतो. तांबटआळीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तांब्यावर हातोडी पडत असते आणि ती थांबू द्यायची नाही, असा तिथला रिवाज आहे. बाकीचे जेवायला उठले तरी एक हातोडी वाजतच राहते. वर्षातून एकदाच, माळजाईच्या जत्रेच्या संध्याकाळी, सगळ्या हातोड्या थांबतात, आणि डोंगरावरून परतलेल्या बायका वेशीबाहेर थबकून राहतात.

अश्लेषा आणि तिची मैत्रीण फरिदा गाव बघायला आल्या त्या नेमक्या त्याच दिवशी. जुन्या कचेरीच्या दोन खोल्यांत गावाचं वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट फाडणारे, माहिती सांगणारे आणि कुलूप लावणारे तिथे एकच, दत्तूनाना तांबट. काचेला हात लावला की ओरडायचे, नाही लावला तर "जवळून बघा की, तिकीट काढलंय ना," असंही ऐकवायचे. मधल्या कपाटात तांब्याची एक घागर होती. तिच्या एका अंगाला ठोक्यांची दाट नक्षी, मठार म्हणतात ती, आणि दुसरं अंग कोरं.

"नाना, ही अर्धीच ठेवली का हो?" फरिदाने विचारलं.

"पुरी करणारा हात राहिला नाही." नाना बाकावर टेकले. "बसा दोघी. उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ती. आणि मधे मधे विचारायचं नाही, मग माझा धागा तुटतो."

नानांनी सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट. तेव्हा मुलूख उघडा पडला होता. आज या गावाला आग, उद्या त्या गावाला. करंजपेठेला वेस होती, पण पहाऱ्याला माणसं थोडी. म्हणून गावाने तांबटांना गळ घातली म्हणे, तुमचा ठोका डोंगरापर्यंत जातो, तोच आमचा पहारा. ठोका चालू असेल तर गाव सुखरूप. थांबला तर बाहेर असेल त्याने गावात यायचं नाही, डोंगरात लपायचं. तांबटांनी माळजाईची शपथ घेतली. दुपारी आळीचा वडीलधारा रिकाम्या ऐरणीवर तीन ठोके द्यायचा, ते भाकरीचे ठोके. ते पडले की सगळे हात धुवायला उठायचे आणि वडीलधारा एकटा वाजवत राहायचा.

त्या वर्षी वडीलधारा होता भिवाजी. एकुलता मुलगा रायाजी, आणि सून चिमा, सातव्या महिन्याची पोटुशी. जत्रा बायकांची. ओटी भरायला लेकीसुना, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, सगळ्या डोंगरावर गेल्या, अंगावर होता नव्हता तेवढा दागिना घालून. चिमा जाताना म्हणाली म्हणे, "मामंजी, येताना मी कुणाची वाट बघत नाही बसायची. तुमच्या ठोक्यावरच उतरते." भिवाजी हसला आणि कपाटातल्या या घागरीवर ठोके घालायला लागला.

दुपार कलली तशी लुटारूंची टोळी आली. वेशीवरच्या चौघांच्या माना कापल्या, तेव्हा ओरडायलाही सवड मिळाली नाही त्यांना. सापडेल त्या पुरुषाला भाल्याने टोचत देवळात कोंडलं, ज्याने हात उचलला त्याचा हात तोडला. घरं फोडली तर पेट्या रिकाम्या. सोनं डोंगरावर आणि डोंगर करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला, तिथे शिरलं तर एक बाई हाती लागायची नाही. एका पहारेकऱ्यात धुगधुगी होती. त्याच्या जखमेत मीठ भरलं, तेव्हा त्याने ठोक्याचं गुपित सांगितलं. माणूस होता तो, त्याला बोल लावू नका.

आपल्याच ठोक्यांच्या गोंगाटात तांबटआळीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, म्होरक्या आळीत शिरला तेव्हाच कळलं. प्रत्येक ऐरणीमागे नागवी तलवार घेऊन एकेक जण उभा केला. "वाजवा. थांबेल त्याचं मुंडकं त्याच्याच घागरीत." कोपऱ्यावरच्या सखोबाने हातोडी खाली ठेवली. ती पुन्हा उचलायच्या आत त्याचं डोकं गेलं, आणि रक्त शेजारच्या ऐरणीपर्यंत वाहत आलं. मग बाकीचे वाजवू लागले. एकाने थांबून उपयोगच नव्हता, बाकीच्यांचा आवाज चालूच राहणार. भिवाजीच्या समोर रायाजीला गुडघ्यांवर बसवून त्याच्या मानेवर तलवार टेकवली होती.

भिवाजीच्या ओट्यावरून डोंगराची वाट दिसते, आजही दिसते. लुगड्यांचे रंग उतरताना दिसू लागले. म्हाताऱ्याने अक्कल लढवली, ठोका वाकडातिकडा द्यायला लागला, दोन लांब, तीन आखूड. वाटलं, चिमाला कळेल. चिमा पुढे सांगायची, आम्ही वर हसलो, म्हटलं, मामंजींना आज जत्रेचा प्रसाद चढला. आणि उतरत राहिलो. चुकलंच ते त्याचं. गावाने ठोका आहे की नाही एवढंच ऐकायची सवय लावून घेतली होती, कसा आहे ते कुणी ऐकत नव्हतं.

बायका ओढ्यापाशी आल्या. ओढा ओलांडला की वेस. तेव्हा भिवाजीने रिकाम्या ऐरणीवर भाकरीचे तीन ठोके दिले. दिवस मावळतीला गेल्यावर भाकर कसली? आळीला कळलं. राहिलेल्या बाराही जणांनी हातोड्या खाली ठेवल्या. मागे तलवारी चालल्या, एक, दोन, बारा. कुणी पळालं नाही असं सांगतात. उरली भिवाजीची एकट्याची हातोडी.

म्होरक्या म्हणाला, "म्हाताऱ्या, थांबलास तर पोरगा गेला."

भिवाजीने रायाजीकडे बघितलं. रायाजीने 'वाजवू नका' अशी मान हलवली, तेवढ्याने पातं रुतलं आणि गळ्यावरून रक्ताचा ओघळ आला. ते पाहताच भिवाजीचा हात आपोआप चालायला लागला. पोटचा गोळा आहे तो, बापाचा हात बापाचं ऐकतो थोडाच? तेच भिवाजीला कळलं. हा हात धड आहे तोवर तो वाजवणार. त्याने हातोडी डाव्या हातात घेतली, उजवा पंजा ऐरणीवर पसरला, आणि हाणला. एकदा नाही, तीनदा. बोटांची हाडं बाहेर आली.

ठोका थांबला.

रायाजीचं डोकं त्याच घागरीपाशी पडलं. टोळीतल्या एकाने हातोडी उचलून दोन घाव घातले, पण तांबटाची हातोडी मनगटावर नाचते, याचे नुसते धबाधब घाव. ओढ्याकाठच्या बायका तोवर मागे फिरल्या होत्या, जाळ्यांत शिरल्या होत्या. टोळीने आळी पेटवली. म्होरक्याने भिवाजीला मारलं नाही. म्हणाला, याला जगू द्या, मरणापेक्षा ते वाईट.

टोळी गेली. देवळातून सुटलेल्यांनी हाका मारल्या, तरी बायका दोन दिवस उतरल्या नाहीत, ठोका नाही तर यायचं कसं? तिसऱ्या दिवशी सांजेला चिमा एकटीच उतरली. भिवाजी मुलाच्या राखेपाशी बसला होता. म्हणाला, "पोरी, तुझं कुंकू मी पुसलं."

चिमा तिथेच बसली. जमिनीवर डोकं आपटून आपटून रडली. रडणं सरल्यावर तिने त्या हाताकडे बघितलं. राखेतून हातोडी काढली, पदराला पुसली आणि सासऱ्याच्या डाव्या हातात दिली. "मामंजी, वर पोरंबाळं उपाशी आहेत. ठोका पडू द्या."

नाना थांबले. अश्लेषा उठून घागरीच्या कोऱ्या अंगापाशी गेली. नानांनी डाव्या हाताने किल्ली फिरवून कपाट तपासलं. "चिमाला मुलगा झाला. आजाने त्याला डाव्या हाताने शिकवलं. आमच्या घरात थोरला अजून तसाच शिकतो. चला, माझी वेळ झाली. तुम्ही वेशीबाहेर उभ्या राहा, बायकांत."

दोघी ओटीची ताटं घेतलेल्या बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. उन्हं डोंगरावर चढली आणि आळीतल्या हातोड्या गप्प झाल्या. सकाळपासून कानात बसलेला आवाज गेल्यावर फरिदाने अश्लेषाचा हात घट्ट धरला. गर्दीतून नानांची सून एकटी पुढे झाली आणि वेशीतून आत गेली. वेशीतून नानांचा ओटा समोरच दिसत होता. तिने खाली ठेवलेली हातोडी उचलली, पदराला पुसली आणि सासऱ्याच्या डाव्या हातात दिली.

"मामंजी, ठोका पडू द्या."

आजही करंजपेठेच्या बायका जत्रेहून येतात त्या या डावऱ्या ठोक्यावर. आणि आता तो कसा पडतो तेही कान देऊन ऐकतात. पहिला ठोका पडला, दुसरा, तिसरा. शेजारच्या म्हातारीने डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि अश्लेषाच्या पाठीवर हात ठेवला.

"आपलाच आहे. चल बाई, आत."