ठकू सुतारणीची तळाची पळी

गावात पिठाची गिरणी आली नव्हती, घरोघर जाती फिरत होती, त्या काळची ही गोष्ट. आपल्या डोणवाडीत ठकू नावाची सुतारीण होती. नवरा सोनबा, त्याच्या बरोबरीनं ती लाकूड तासायचा वाकस चालवायची, असं म्हणतात.

तेव्हा गावातली पोरं तीन-तीन वर्षांची झाली तरी त्यांना उंबरा ओलांडता येईना. पोट नगाऱ्यासारखं, पाय काडीसारखे. पोराची उंची मापली की वाढ थांबते, असा समज. म्हणून मापायचं कुणी नाही. पोरं खुंटलीत हे कळणार कसं? सगळे म्हणाले, उंबरेच वाढले! मग काय, सोनबाला बोलावून घरोघरचे उंबरे तासून घ्यायला लागले.

तासता तासता पाळी आली पाटलांच्या उंबऱ्याची. सोनबानं वाकस उचलला, तर ठकू येऊन उंबऱ्यावरच बसली. लक्ष्मी यायच्या वाटेवर!

"ऊठ गं अवदसे!" पाटलीणबाई कडाडल्या.

"तोडलेलं लाकूड वाढतं होय, पाटलीणबाई? उंबरा आहे तेवढाच आहे. तुमचा धोंडू खुंटलाय."

पाटील लालबुंद. "माझ्या घरात नातवाला खायला कमी आहे?"

"कमी नाही, पाटील. पण नाचणी, डाळ सगळी तळाला बसते, अन् पोराला तुम्ही वरचं पाणी पाजता."

रीत तशीच होती. दाट ते नांगर धरणाऱ्यांना. पोराचं पोट नाजूक म्हणून त्याला वरची निवळ पेज.

पाटील म्हणाले, "होळीपर्यंत धोंडूनं हा उंबरा ओलांडला नाही, तर नवऱ्यासकट गाव सोडायचं."

"अन् ओलांडला तर?"

"तू म्हणशील ती रीत."

"अगं, बलुतं घालवलंस की!" सोनबा कळवळला.

"शिवणीचा ओंडका आणा आधी," ठकू म्हणाली.

तिनं हातभर दांड्याची, चपट्या ओठाची पळी कोरली. रोज चार वेळा पाटलांच्या चुलीशी जाऊन ती मडक्याचा तळ खरवडायची, पहिली दाट पळी धोंडूला, वर तुपाची धार. कधी कुळीथ, कधी अंडं. ती खरखर नदीपल्याड ऐकू जायची. सकाळी शिवलेली धोंडूची कुंची संध्याकाळी आखूड पडायची, असं म्हणतात.

होळीला सगळं गाव पाटलांच्या दारात. धोंडूला उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्यानं चौकट धरली, पाय उचलला आणि मटकन खाली बसला. सोनबा हत्यारं बांधू लागला. ठकू मागच्या दारानं आत गेली आणि तिनं तळ खरवडला. खर्रर्र!

धोंडू उठला, अन् उंबरा ओलांडून थेट चुलीशी!

मग ठकूच्या सांगण्यावरून सोनबानं तासलेले सगळे उंबरे काढून नवे बसवले, पहिल्यापेक्षा चार बोटं उंच. पुढं धोंडूसाठी दाराची चौकटही वाढवावी लागली, असं म्हणतात.

आता गावात कुकर आले. तरी अजून आपल्याकडं ठकूच्या रीतीनं लग्नाच्या पंगतीतसुद्धा पहिली पळी तळाची, अन् मांडवातल्या सगळ्यात लहान पोराला. होळीला पोर उंबऱ्याबाहेर उभं करतात आणि आतून आई तळ खरवडते. पै-पाहुणे आपल्या उंच उंबऱ्यांना ठेचकाळतात. ठेचकाळू देत. डोणवाडीचं पोर नाही ठेचकाळत.