येसबा नावाड्याची सभा

एका संस्थानात एक सभा होती, आणि तिचं नाव काढलं की लोक हसायचे.

संस्थानाचं नाव धामणगिरी. आगगाडी नुकती कुठेकुठे धावू लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. तिथले राजे मानाजीराव हौशी आणि भल्या मनाचे होते. रयतेनं आपलं गाऱ्हाणं आपल्याच तोंडानं सांगावं आणि त्यावरचा तोडगाही आपणच काढावा, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी एकेचाळीस गावांतून एकेक माणूस बोलावला आणि प्रजासभा भरवली. दिवाळी उलटली की बारा दिवस सभा. जागा मिळाली जुन्या हत्तीखान्यात. हत्ती केव्हाच गेले होते. छत उंच होतं, वारा खेळता होता.

पहिल्या वर्षी बाराही दिवस एकेचाळीस माणसं एकदम बोलली. विहिरीचा विषय निघाला की कोणी शाळेचं काढी, शाळेचं निघालं की कोणी रानडुकरांचं. कातळवाडीचे राणोजी पाटील तर आपला विषय पहिला यावा म्हणून पहाटेच दारात घोंगडी टाकून बसत, आणि एकदा आत शिरून उभे राहिले की दुपारपर्यंत खाली बसत नसत. बाराव्या दिवशी कारकुनानं वहीत लिहिलं, "सभा झाली. ठराव एकही नाही."

बाजारात लोक म्हणू लागले, "हत्ती गेले, चीत्कार तेवढे राहिले."

दिवाण त्र्यंबकपंतांना आधीपासूनच हे प्रकरण रुचलं नव्हतं. ते राजांना म्हणाले, "महाराज, हा खेळ पुरे. कारभार दप्तरातच बरा."

"आणखी एक वर्ष पाहू," राजे म्हणाले. "तेव्हाही काही निघालं नाही, तर हत्तीखान्याला कुलूप."

दुसऱ्या वर्षी राजांनी सांगितलं, आधी सभापती निवडा. झालं! सगळ्या पाटलांना सभापती व्हायचं होतं आणि एकाही पाटलाला दुसरा पाटील चालत नव्हता. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं, "मग त्या येसबा नावाड्यालाच बसवा की खुर्चीवर!"

सगळे हसले, आणि हसता हसता सगळ्यांनी हात वर केले. नावाड्याची भीती कोणाला वाटणार?

येसबा संस्थानातल्या मोठ्या नदीच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, नाव चालवायचा. दोन्ही काठांची माणसं त्याच्या ओळखीची, म्हणून त्याच्या गावानं त्याला सभेत पाठवलं होतं. लिहिणं-वाचणं त्याला बेताचं येत होतं. पण चाळीस माणसं, सहा शेरडं आणि एक नवरीची डोली एका वेळी काठावर येऊन थडकली की कोणाला आधी घ्यायचं, कोणाला कुठं बसवायचं आणि नाव कलू द्यायची नाही, हे त्याला तीस वर्षांचं ठाऊक होतं.

खुर्चीवर बसल्यावर तो एवढंच बोलला, "मंडळी, सगळे एकदम चढलात तर बुडाल. आजपासून येईल तसा नंबर."

दुसऱ्या दिवशी दाराशी एक काळा फळा लागला. जो आपला विषय कारकुनाला आधी देईल, त्याचा विषय फळ्यावर वर. पाटील असो की परीट, पाठोपाठ. सकाळी घंटा, मग हजेरी. मग कारकून कालचं टिपण वाचून दाखवी, म्हणजे काल ठरलेलं आज कोणी उकरून काढायला नको. मग ज्याचा नंबर त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं. शेवटी हात वर करून निकाल.

बोलण्यालाही माप होतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळात सोडतात, तशी एक वाटी येसबानं सभेत आणून ठेवली. बोलणारा उभा राहिला की कारकून वाटी पाण्यात सोडी. वाटी बुडाली की बोलणं संपलं.

राणोजी पाटील ताडकन उठले. "अरे नावाड्या, हा काय पोरखेळ? एका वाटीत पाटलाचं बोलणं मावतं होय? ही वाटी कोणी ठरवली? हिचं भोक एवढं मोठं का? आमच्याकडच्या वाट्या..."

बुडुक्! वाटी तळाला गेली. राणोजींची सगळी वाटी वाटीवर बोलण्यातच संपली होती. हत्तीखाना हसून हसून दणाणला. राणोजी लाल झाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

दुपारी सभा नसे. दुपारी समित्यांचं काम. पाण्याची एक, रस्त्यांची एक, शाळेची एक, रानाची एक. प्रत्येकीत पाच माणसं. कोणताही विषय आधी समितीकडे जाई. समितीनं जागेवर जाऊन बघायचं आणि आल्यावर सभेला सांगायचं. येसबाचा एकच नियम होता. एखादी गोष्ट हवी असणारा आणि नको असणारा, दोघांनाही एकाच समितीत घालायचं.

कातळवाडी ओढ्याच्या वरच्या अंगाला, खालची पेठ खालच्या अंगाला. पाण्यावरून दोन्ही गावांत तीन पिढ्या भांडण. येसबानं राणोजींना आणि खालच्या पेठेच्या हैबती माळ्याला पाणीसमितीत एकत्र घातलं आणि ओढ्यानं वरपासून खालपर्यंत चालत जायला सांगितलं. निघताना दोघं ओढ्याच्या दोन काठांनी चालत होते. वाटेत दोघांना एकदमच दिसलं, मधल्या जुन्या बांधाला खिंडार पडून निम्मं पाणी खडकात जिरत होतं. ना वरच्याला मिळत होतं, ना खालच्याला. येताना दोघं एकाच काठानं, एकाच चंचीतलं पान खात आले.

दुसऱ्या दिवशी राणोजी सभेत उभे राहिले. "बांध फुटलाय. दोन्ही गावं मिळून बांधतो. आमचं भांडण संपलं." एवढं बोलून ते बसले. वाटी अजून तरंगतच होती. सभेनं टाळ्या पिटल्या.

असे विषय भराभर सुटू लागले. बाजारात आता लोक एकमेकांना विचारत, "आज फळ्यावर काय आहे रे?"

अशात पाचव्या दिवशी नदीपलीकडच्या सोळा गावांनी एक विषय दिला : 'उतारावर दगडी पूल बांधावा.' फळ्यावर त्याचा नंबर लागला तेविसावा.

पूल जिथं व्हायचा, तिथंच येसबाची नाव चालत होती.

येसबानं विषय नेमानं रस्तेसमितीकडे पाठवला. तोंडावर काही दिसू दिलं नाही. पण नवव्या दिवशी दुपारी दिवाण त्र्यंबकपंत स्वतः हत्तीखान्यात आले. सभेनं एवढं मोठं काम करून दाखवावं, हे त्यांना नको होतं. एरवी ते त्याला "येसू" म्हणत. आज म्हणाले, "अहो येसबा, पुलाचं मोठं लचांड आहे बघा. प्रत्येक गावाला दगड फोडायला माणसं द्यावी लागतील. अलीकडची गावं चिडतील, भांडणं होतील, तुमची सभा मोडेल. यादी तुमच्याच हातात आहे. तेविसावा विषय चौतिसावा झाला, तर कोणाला कळणार? बारा दिवस संपतील आणि विषय आपोआप राहील. शिवाय तुमच्या पोटाचाही प्रश्न आहेच."

घरी आल्यावर येसबानं बायकोला, गोजाबाईला सगळं सांगितलं.

गोजाबाई चुलीवरची भाकरी उलटत म्हणाली, "घाला की मग तळाला! पूल झाला तर लोक नावेत कशाला बसतील? आपण काय खायचं?"

"अगं, पण नंबर..."

"नंबर तुम्हीच लावला, तुम्हीच बदला. राजानं काय तुम्हाला शपथ घातलीय?"

येसबाला धड जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत तो हत्तीखान्यात गेला. फळ्यासमोर उभा राहिला. त्यानं धोतराच्या सोग्यानं तेविसाव्या नंबरची ओळ पुसली. खडू घेतला. खाली चौतिसाव्या जागी लिहायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मागून राणोजी पाटील आले. येसबा दचकला, पण राणोजींचं वरच्या पुसलेल्या जागेकडे लक्षच नव्हतं. त्यांनी स्वतःची ओळ बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "माझा दुसरा विषय अठ्ठाविसावा. म्हणजे आज काही लागत नाही. घरी एक फेरी मारून येतो, येसबा. बांधाचं काम सुरू झालंय."

"पाटील," येसबानं हळूच विचारलं, "गेल्या साली तुम्ही दारात घोंगडी टाकून बसायचात. आज घरी निघालात? मधेच तुमचा विषय निघाला तर?"

राणोजी हसले. "तुमच्या फळ्यावर लिहिलंय ना अठ्ठाविसावा? मग आधी कसा निघेल?"

आणि ते मागं वळूनही न बघता निघून गेले.

येसबा तिथंच उभा राहिला. जो माणूस सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नव्हता, तो खडूच्या एका ओळीवर विसंबून दोन कोस गेला होता. येसबाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचे कान तापले. त्यानं हातातल्या खडूनं पुसलेल्या जागी, पहिल्यापेक्षाही ठळक अक्षरांत लिहिलं : 'तेविसावा. नदीवरचा पूल.'

अकराव्या दिवशी तो विषय निघाला. राजे आणि दिवाण त्र्यंबकपंतही ऐकायला येऊन बसले. समितीनं सांगितलं, खडक पक्का आहे, दगड जवळ आहे, पूल होईल. पलीकडची गावं म्हणाली, हवाच. अलीकडची म्हणाली, "पुलावरून चालणार ते, आणि घाम आमचा?" वाट्यांमागून वाट्या बुडाल्या. शेवटी हात वर झाले. कारकुनानं दोनदा मोजले. पुलाच्या बाजूनं वीस. विरुद्ध वीस.

सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं. समसमान झाले तर सभापतीनं हात वर करायचा, हे आधीच ठरलं होतं. त्र्यंबकपंत गालात हसले. आता नावाडी काय करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

येसबा उभा राहिला. कारकुनानं सवयीनं वाटी पाण्यात सोडली.

"मंडळी, माझं पोट नावेवर आहे, हे आधी सांगतो. पूल नको असं माझं पोट म्हणतं," येसबा म्हणाला. "पण गेल्या श्रावणात नदी फुगली होती. पलीकडच्या काठावर एक म्हातारी येऊन हाका मारायची. तिची लेक अलीकडच्या गावात बाळंत झाली होती. मला नाव घालता येईना. नात झाली, हे मी या काठावरून ओरडून तिला सांगितलं. ती तिकडून ओरडली, 'कोणासारखी दिसते रे?' आता ते मी कसं ओरडून सांगू? म्हातारीला नात बघायला एक महिना लागला. तीस वर्षं झाली, मी नाव चांगली चालवतो. पण पूर आला की चांगला नावाडीही काठावरच उभा राहतो. माझा हात पुलासाठी."

आणि त्यानं हात वर केला.

पहिली टाळी अलीकडच्या, विरुद्ध हात केलेल्या बाकावरून आली. "आमच्या गावाची माणसं सगळ्यांत आधी येतील!" हैबती माळी उठून ओरडला. मग इतकी माणसं एकदम बोलू लागली की पहिल्या वर्षाची आठवण व्हावी. पण या वेळी सगळी एकच गोष्ट बोलत होती. राजांनी तिथल्या तिथं ठरावावर शिक्का उठवला.

बाहेर पडताना त्र्यंबकपंत थांबले. "येसबा, आज तुम्ही मला हरवलंत."

"नाही पंत," येसबा म्हणाला, "तुम्हाला हरवणं सोपं होतं. स्वतःला हरवायला मला जास्त वेळ लागला."

पंत मान खाली घालून हसले आणि त्यांनी येसबाला हात जोडले.

गोजाबाईनं मात्र दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पुलासाठी चुन्याची पोती, लाकडं आणि पाथरवट पलीकडे न्यायला माणसं आली, आणि येसबाच्या नावेला पूर्वी कधी नव्हतं एवढं काम लागलं. दोन वर्षं पुलाचं काम चाललं, दोन वर्षं नाव चालली. पूल पुरा झाला तेव्हा दोन्ही काठांची माणसं ढोल-लेझीम घेऊन आली. पुलाच्या तोंडाशी आठवड्याचा बाजार भरू लागला. येसबा नावेतून मासे धरायचा आणि गोजाबाई बाजारात कालवण-भाकरी विकायची. तिच्या हाताची चव इतकी पसरली की तीच आता लोकांना सांगायची, "पूल आमच्यामुळं झाला बरं! ह्यांना मीच म्हटलं होतं, करा हात वर."

येसबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पूल पुरा व्हायच्या आधी, ठरावाच्या पुढच्याच वर्षी, दिवाळीनंतर सभा भरली. सभापती पुन्हा निवडायचा होता. आता सभेला मान होता, खुर्चीलाही मान होता; तेव्हा पाटलांची चढाओढ होणार, असं सगळ्यांना वाटलं. राणोजी पाटील उठले. लोकांनी मान डोलावली, म्हटलं, आता हे स्वतःचं नाव सांगणार.

राणोजी म्हणाले, "या खुर्चीवर बसायची मला फार हौस होती. पण खुर्चीवर बसून स्वतःच्याच विरुद्ध हात वर करणं मला जमणार नाही. ज्याला ते जमलं, त्यालाच बसवा."

चाळीस हात एकदम वर झाले. कारकुनाला मोजायची गरजच पडली नाही.

तात्पर्य: नियम शहाणपणानं बनतात, पण ते टिकतात विश्वासावर, आणि नियम करणारा ते आधी स्वतःला लावतो, तेव्हाच लोकांचा विश्वास बसतो.