पोळं

“पण बाई, यात कचरा येतच नाही. अजून काय हवं?”

निनादने स्क्रीन कुंदाबाईंकडे वळवली. वेंगुर्ल्याच्या वाचनालयातला संदर्भ विभाग बाई गेली कित्येक वर्षं सांभाळत होत्या. निनाद त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. महिनाभर खपून त्याने खास शोधपान तयार केलं होतं. ते सगळ्या इंटरनेटवर भटकत नसे. निनादने पारखून घेतलेल्या साइटींतच शोधायचं.

“बघू की,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात रेडकर आजी आत येऊन समोरच्या खुर्चीत टेकल्या.

“मधमाश्यांवरचं काही आहे का रे?”

निनाद खुलला. शब्द टाकला, कळ दाबली. कृषी विद्यापीठाचे लेख, माशीचं आयुष्य, मधाचे गुण. त्याने झटकन छापून कागद आजींच्या हातात दिले.

आजींनी ते उलटसुलट पाहिले. “छान आहे हो,” म्हणाल्या, आणि उठल्या.

निनादने विजयी नजरेने बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आजींशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“बसा ना. घाई आहे?”

आजी बसल्या. बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“देवघराच्या भिंतीत सातेरी माश्यांचं पोळं झालंय,” आजी हळूच म्हणाल्या. “घरात तान्हं बाळ. मुलाने औषध मारणाऱ्याला बोलावलंय, संध्याकाळी येतोय तो. पण माका त्यांका मारूचा नाय, बाई.”

निनाद पुन्हा कीबोर्डवर वाकला. भिंतीतलं पोळं जिवंत काढून नेणारं कुणी...

काहीच आलं नाही.

त्याने शब्द बदलले. काहीच नाही. त्याचे कान लाल झाले.

“निवडताना काय काय काढून टाकलंस?” बाईंनी विचारलं.

“फालतूच सगळं. जाहिराती, गावगप्पा... इथल्या मधपाळांचं एक पान होतं. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, नुसते पेट्यांचे फोटो.”

बाईंनी आजींकडे पाहिलं.

निनादने ते पान परत आत घेतलं आणि पुन्हा शोधलं. पहिल्याच ओळीत शेजारच्या गावातला मधपाळ निघाला, खाली फोन नंबर. निनादने तिथूनच फोन लावला.

“पेटी घेऊन दुपारीच येतो म्हणाले, आजी! म्हणाले, फवारणीवाल्याला येऊ नको म्हणून सांगा. राणीमाशीसकट सगळ्या घेऊन जातील.”

आजींचा चेहरा उजळला. “त्यांना म्हणावं, पोळं नीट न्या. मध निघाला तर वाटीभर तुला,” म्हणत त्या कागद टेबलावरच विसरून लगबगीने निघाल्या.

निनाद मोठ्याने हसला. मग जरा खाली मान घालून म्हणाला, “बाई, चुकलंच माझं. मोडून टाकू हे?”

“छे! चांगलं केलंयस. मोडतोस कशाला?”

“मग त्यात साइटी किती ठेवू?”

“उद्या या दारातून कोण कोण येणार आहे?”

“ते मला कसं कळणार, बाई?”

बाई चष्मा पुसत होत्या...

“जे कोण येतील त्यांना पुरतील, तेवढ्याच ठेव.”