कुलूपबंद पंप

डॉक्टर हेमांगी तळवलकरांनी औषधाची मात्रा ठरवणारा प्रोग्राम लिहून जगाला फुकट दिला होता. अट एकच: तो वापरून जो यंत्र विकेल, त्याने त्यातला आपला प्रोग्रामही सर्वांना खुला करावा. एका बड्या कंपनीने तो आपल्या सलाईनच्या पंपात घातला आणि सगळंच कुलूपबंद ठेवलं. बाईंनी विचारलं, तेव्हा कंपनीने कानांवर हात ठेवले. पुढे त्याच पंपातून जास्त औषध गेलं आणि एक बाळंतीण दगावली.

चौकशी समितीपुढे कंपनीचे मालक राजाध्यक्ष शांतपणे म्हणाले, "आमचा भाग निर्दोष आहे. चूक या बाईंच्या फुकटच्या प्रोग्रामची."

समोर त्या बाळंतिणीचा नवरा बसला होता. हेमांगीबाईंना त्याच्याकडे बघवेना.

"माझा प्रोग्राम पंपात असेल, तर अटीप्रमाणे तुमचाही खुला करा. चूक कुणाची, ते सगळेच बघतील," त्या म्हणाल्या. "आणि माझा नसेलच, तर चूक तुमचीच."

राजाध्यक्ष वकिलाच्या कानाशी लागले. मग उठून म्हणाले, "चूक आमची."

हेमांगीबाई सुटल्या. पण पंपाचं कुलूप तसंच राहिलं, आणि तो नेमका कशाने चुकला, हे त्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.